एका क्लिकचा मागमूस

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांचं भांडार आणि जिना यांच्या मधोमध एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, पण थंडी मात्र भरपूर होती, कारण भिंतीपलीकडे सर्व्हर ठेवलेले होते आणि सर्व्हरना उकडून चालत नसे. माणसं गारठली तर चालत असे. कोणता रुग्ण कधी आला, कुणाला कुठलं औषध सोसत नाही, कुणाची तपासणी कोणत्या दिवशी, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये साठवलेलं असायचं त्याची राखण या खोलीतली दोन माणसं वर्षानुवर्षं करत आली होती. डॉक्टरांना ती दोघं कुठे बसतात हेही धड माहीत नव्हतं. डेटाबेस नीट चालला तर राखणदाराची आठवण कुणाला होते?

त्या दोघांतल्या एक म्हणजे बाई. सगळे पासवर्ड त्यांना तोंडपाठ म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक त्यांना किल्लेदारीण म्हणायचे, अर्थात पाठीमागे. समोर नुसतं बाई. दुसरे उंदीरमामा. हे नाव त्यांना माउसमुळे चिकटलं होतं आणि त्यांनी ते आनंदाने मिरवलं होतं. अंगाने आडवे, स्वभावाने गरीब, आणि कीबोर्ड म्हणजे कारकुनांची वस्तू असं ठाम मत. कामाचं साधन दोघांचंही एकच होतं. पडद्याच्या डाव्या बाजूला डेटाबेसची नावं, नावावर माउसचं उजवं बटण दाबलं की खाली मेनू उघडायचा, आणि त्यातलं हवं ते काम निवडलं की झालं. बॅकअप घ्यायचा असो की कुणाला नवीन परवानगी द्यायची असो, सगळं चित्रांवर आणि बटणांवर. मामा त्या मेनूंमधून शीळ घालत फिरायचे.

दोघंही सर्व्हरवर एकाच खात्याने शिरत. खात्याचं नाव 'प्रशासक'. हे नियमात बसत नव्हतं. पण आपण दोघंच तर आहोत, वेगळी खाती कशाला, असं म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा त्यांना कसं कळावं?

बाईंच्या डोळ्यांचं दुखणं या गोष्टीच्या थोडं आधी सुरू झालं. आधी दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसायला लागली. मग आकड्यांचे तक्ते लाटेसारखे हलायला लागले. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्याने यंत्रातून डोळ्यांच्या आत पाहिलं, मग दिवा बंद करून खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच बाई काय ते समजल्या. ज्याच्याकडे थेट बघाल तेच दिसेनासं होईल, कडेचं मात्र दिसत राहील, असं तो म्हणाला. तसंच झालं. चालता यायचं, जिना उतरता यायचा, पण समोरच्याकडे पाहिलं की त्याचा चेहरा पुसलेला आणि दोन कान तेवढे जागेवर. हे बाईंच्या नवऱ्याला माहीत होतं. तिसऱ्या कुणालाही नाही.

ज्या बाईला दिसत नाही तिच्या हाती रुग्णांची माहिती कोण ठेवील? बाईंना स्वतःला विचारलं असतं, तर त्यांनीही ठेवली नसती. म्हणूनच त्या कुणाला विचारत नव्हत्या. पण काम चालू होतं, कारण काम हाताला पाठ होतं. उजवं बटण, बाणाच्या कळीने ठरावीक वेळा खाली, एंटर. बॅकअप घेताना साधन विचारायचं, जुन्या फाइलवर लिहू का? एंटर. सुरू करू का? पुन्हा एंटर. डोळे असले काय आणि नसले काय, हात आपला चालत होता.

मग ती सकाळ आली. आदल्या संध्याकाळी मामांनी त्या साधनाची नवी आवृत्ती बसवली होती आणि जाता जाता "बाई, नवं बसवलंय हो, रंग छान आहेत" एवढं सांगूनही गेले होते. रंगांशी बाईंना काही देणंघेणं उरलं नव्हतं. पण नव्या आवृत्तीत मेनूमध्ये मध्येच एक ओळ घुसली होती, आणि तिच्यामुळे खालच्या सगळ्या ओळी एकेक घर खाली सरकल्या होत्या. रुग्णांच्या भेटींच्या नोंदींचा बॅकअप घ्यायला बाईंचा हात जुन्याच घरी गेला. तिथे आता बॅकअप नव्हता. तिथे रिस्टोअर होतं, म्हणजे जुनी प्रत आणून चालू माहितीवर टाकणं. साधनाने विचारलं, चालू जोडण्या तोडू का? एंटर. आताच्या माहितीवर लिहू का? एंटर.

वर नोंदणीच्या खिडकीशी सकाळपासून जेवढी माणसं आली होती, ती सगळी एका क्षणात कधी आलीच नव्हती असं झालं. डेटाबेस कालच्या रात्रीत जाऊन बसला. पहाटे उठून, दोन बस बदलून आलेले एक आजोबा खिडकीवरच्या मुलीला सांगत राहिले की मी नाव दिलंय, तूच लिहून घेतलंस. आणि ती बिचारी पडद्याकडे बघून सांगत राहिली की आजोबा, तुमचं नाव इथे नाही. शेवटी आजोबा आपलंच काहीतरी चुकलं असेल असं पुटपुटत बाकाच्या टोकाला जाऊन बसले. दुपारपर्यंत सगळ्या नोंदी पुन्हा झाल्या. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण रुग्णालयात बोभाटा व्हायचा तो झालाच.

बाईंनी सर्व्हरची नोंद भिंग लावून, डोळे तिरके करकरून वाचली. रिस्टोअर, भेटींचा डेटाबेस, करणारा: प्रशासक. त्याच सुमाराला दुसरी एक ओळ होती: बॅकअप, औषधांचा डेटाबेस, करणारा: प्रशासक. तो मामांनी घेतलेला. बाईंनी तो लगेच तपासून पाहिला, तो नीट होता. म्हणजे चुकलेला हात कुणाचा, यात शंकेला जागा उरली नाही. आता उठायचं आणि विभागप्रमुख मॅडमना जाऊन सांगायचं, असं म्हणून त्यांनी खुर्ची मागे सरकवली, तेवढ्यात दार ढकलून मामाच आत आले.

"बाई," ते म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार."

त्यांना बॅकअप घेतल्याचं आठवत होतं. पण कुठल्या नावावर घेतला, काय दाबलं, हे काही केल्या आठवत नव्हतं. आठवणार तरी कसं? दाबलेलं बटण मागे काही ठेवत नाही. लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचता येतं, दाबलेलं बटण पुन्हा कसं वाचणार? मामांनी मनाशी खूप ताणून पाहिलं, आणि आठवत नाही म्हणजे मीच केलं असणार, असा उलटाच हिशेब मांडला. नवी आवृत्तीही त्यांनीच बसवलेली. ते मॅडमना सांगूनही आले होते. मॅडम वयाने दोघांपेक्षा लहान, रागाने दोघांहून मोठ्या. त्यांनी ऐकून घेतलं, मामांच्या नावावर एक शेरा मारला, आणि असं पुन्हा होता कामा नये एवढंच म्हणाल्या.

बाई गप्प राहिल्या. त्या क्षणी गप्प राहिल्या ते एक वेळ समजू शकतं, भीतीने माणसाची जीभ टाळूला चिकटते. पण मग त्या दुपारीही गप्प राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशीही. आणि गप्प राहण्याचं असं असतं की ते दिवसागणिक सोपं होत जातं आणि मोडणं अवघड होत जातं.

मेनूवरून मात्र त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्यांनी मॅडमना जाऊन सांगितलं की यापुढे सगळी कामं स्क्रिप्टने करूया. स्क्रिप्ट म्हणजे, जे काम बटणं दाबून व्हायचं ते शब्दांत लिहून काढायचं. कुठल्या डेटाबेसचा बॅकअप, कुठे ठेवायचा, काय बिघडलं तर थांबायचं. लिहिलेलं दुसऱ्याला वाचायला देता येतं. रात्रीतून त्याच्यात नवी ओळ घुसत नाही. आणि कुणी चालवली, कधी चालवली, हे ती स्वतःच नावासकट लिहून ठेवते. मॅडमना हे इतकं पटलं की त्यांनी बैठकीत बाईंचं कौतुक केलं. या वयात नवीन शिकायची हिंमत, वगैरे. बाईंनी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. चित्रं आणि बटणं बाईंना दिसत नव्हती, पण शब्द ऐकता येत होते. पडद्यावरचं लिखाण वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी बसवून घेतला होता आणि एका कानात इअरफोन घालून त्या दिवसभर काम करायच्या. लोकांना वाटायचं बाई गाणी ऐकतात. मामाही विचारायचे, आज काय लागलंय? जुनीच आहेत, असं बाई म्हणायच्या.

पण तो यंत्रातला आवाज विरामचिन्हं गिळायचा, आणि स्क्रिप्टमध्ये एखादा अर्धविराम इकडचा तिकडे झाला की अनर्थ. तिथे नवरा कामी आला. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता, आणि त्यांच्याकडे जुनी पद्धत अशी, की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-कंसांसकट, आणि दुसऱ्याने छापील मजकूर तपासायचा. उभं आयुष्य असं वाचण्यात गेल्यामुळे तो कुठलीही गोष्ट एकाच सुरात वाचू शकत असे, लग्नपत्रिका असो की मृत्यूची बातमी. बाई घरी आल्या की स्क्रिप्टचे कागद त्याच्या पुढ्यात ठेवायच्या, आणि तो चष्मा पुसून सुरू व्हायचा. सुरुवातीला दोन शब्द जोडून का लिहिलेत म्हणून त्याने कुरकुर केली. मग त्याला मजा यायला लागली.

एकदा जुन्या, रद्द झालेल्या भेटी पुसायची स्क्रिप्ट होती. तो वाचत होता, "डिलीट, फ्रॉम, अपॉइंटमेंट्स, अर्धविराम. नवीन ओळ. व्हेअर..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "अर्धविराम कुठे म्हणालात?"

अर्धविराम अटीच्या आधीच पडला होता. म्हणजे वाक्य तिथेच संपलं, आणि 'रद्द झालेल्या तेवढ्याच' ही अट बाहेर राहिली. ती स्क्रिप्ट तशीच चालवली असती, तर रुग्णालयातल्या यच्चयावत भेटी साफ झाल्या असत्या. मग नवऱ्याने पेन्सिलीने, छापखान्यात करतात तशी, तिथे खूण केली. लिहिलेलं होतं म्हणून चूक सापडली, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना बरं वाटलं. पाठोपाठ मामा आठवले आणि बरं वाटायचं थांबलं.

कारण इकडे मामांचं काही खरं नव्हतं. त्यांची शीळ बंद झाली होती. स्क्रिप्टच्या काळ्या खिडकीला ते काळी पाटी म्हणायचे, आणि तिच्यासमोर बसले की नापास होण्याची सवय असलेल्या मुलासारखे दिसायचे. पण काळ्या पाटीचं एवढं नव्हतं. हळूहळू का होईना, त्यांना ती जमू लागली होती. जमत नव्हतं ते स्वतःवर विश्वास ठेवणं. कुलूप लावलं का म्हणून ते अर्ध्या जिन्यातून परत यायचे. एकच काम केलं का नाही हे पुन्हा पुन्हा तपासायचे. काही चालवायच्या आधी बाईंना पडदा दाखवून विचारायचे, "बाई, मी बरोबर जागीच आलोय ना?"

पडदा बाईंना दिसत नसे. त्या म्हणायच्या, मोठ्याने वाचून दाखवा. मामा वाचायचे, बाई ऐकून बरोबर म्हणायच्या, आणि मामांचे डोळे भरून यायचे की बाई आपल्यासारख्या विसराळू माणसाला किती सांभाळून घेतात. हे भरून आलेले डोळे बाईंना दिसत नसले, तरी आवाज कळत होता. असे आभार ऐकण्यापेक्षा शिव्या बऱ्या, असं त्यांना व्हायचं.

एका दुपारी मामा दोघांचा चहा घेऊन आले आणि कप ठेवता ठेवता म्हणाले की त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. मॅडम उद्या सही करणार आहेत.

बाईंनी विचारलं, का? मामांनी वडिलांचं सांगितलं. वडील शेवटी शेवटी घरातल्या घरात हरवायचे. स्वतःच्या मुलाला अदबीने विचारायचे, आपण कोण, आपल्याला कुठे पाहिलंय. पण ते दुखणं असं एकदम आलं नव्हतं. सुरुवात अगदी बारीक होती. शेगडी चालू ठेवायचे आणि मी पेटवलीच नव्हती म्हणून शपथेवर सांगायचे. खोटं बोलत नव्हते ते. हाताने केलं होतं आणि डोक्यात त्याची नोंदच नव्हती.

"माझंही तसंच आहे, बाई," मामा म्हणाले. "त्या सकाळी मी एवढी मोठी गोष्ट केली आणि मला त्यातलं काही, अगदी काही आठवत नाही. शेगडी आहे ती माझी. आता इथे रुग्णांची माहिती आहे. पुढच्या वेळी कुणाचं औषध पुसलं गेलं तर? मी वेळेवर निघालेलं बरं."

बाईंचा चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. डोळ्यांचं त्याला माहीत होतं, पण त्या सकाळचं त्या इतके दिवस त्यालाही बोलल्या नव्हत्या. नवी आवृत्ती बिघडली, एवढंच त्याच्या कानावर होतं. तो ऐकत राहिला. बाई बोलत होत्या ते आधी हळू, मग भरभर. नोकरी गेली तर मी काय करू, दिवसभर या घरात कडेकडेचं बघत बसू का, माझी काही एक जागा आहे तिथे, अर्ध्या रुग्णालयाची माहिती माझ्यामुळे सुखरूप आहे, आणि आता स्क्रिप्टने मी कुणाहीपेक्षा चोख काम करते. हे सगळं खरंच होतं. नवऱ्याने ते खोडून काढलं नाही.

"तुझे डोळे तू लपवलेस," तो म्हणाला, "ते तुझे होते. त्यांचं डोकं त्यांचं आहे."

बाई रडल्या. नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण शब्द काही मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई थेट मॅडमच्या खोलीकडे निघाल्या होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या थांबल्या. मॅडमना सांगितलं की शेरा पुसला जाईल, अर्ज परत मिळेल, सगळं रीतसर होईल. पण मामांना ते मॅडमच्या तोंडून कळावं? त्या वळल्या आणि तळमजल्यावरच्या त्या गार खोलीत गेल्या. मामा आधीच येऊन खण आवरत बसले होते.

बाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, तुमचं ते मेनूचं साधन उघडा. खरा सर्व्हर नको, सरावाचा उघडा."

मामांना आश्चर्य वाटलं. काळ्या पाटीवर गेल्यापासून बाईंनी त्या साधनाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांनी उघडलं. बाईंनी त्यांना उठवून स्वतः त्यांच्या खुर्चीत बसकण मारली, भेटींच्या नावावर माउसचा बाण नेऊन ठेवायला सांगितलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. त्याच्याकडे तोंड करून बाईंनी उजवं बटण दाबलं, बाणाच्या कळीने खाली गेल्या, एंटर, एंटर, आणि पुन्हा एंटर. हात कुठेही अडखळला नाही.

"काय आलंय ते वाचा," त्या म्हणाल्या.

मामा वाकले. "रिस्टोअर पूर्ण झालं, असं आलंय."

"मी बॅकअप घेत होते," बाई म्हणाल्या. "त्या सकाळीही मी बॅकअपच घेत होते."

मामांनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"मग मी काय केलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही औषधांचा बॅकअप घेतलात. तो नीट होता. मी त्याच दिवशी तपासला होता."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

मामांनी दुसरी खुर्ची ओढली आणि ते बसले. बाईंनी मग डोळ्यांचं सांगितलं. काही न वगळता सांगितलं. कानातली गाणी म्हणजे काय ते सांगितलं, मोठ्याने वाचून दाखवा असं आपण का म्हणत होतो ते सांगितलं. मला तुमचा चेहरा दिसत नाही, मामा, नुसते कान दिसतात, असंही सांगितलं.

"कान तरी बरे आहेत का?" मामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. आणि आपण या बाईला हसवायला निघालो याचा त्यांना राग आला असावा, कारण पुढचं ते वेगळ्याच आवाजात बोलले.

"रोज जेवताना बायको मला नातवंडांचे वाढदिवस विचारते. सहज विचारल्यासारखं दाखवते. मी सगळे बरोबर सांगतो. मग ती हसते, आणि काहीतरी आणायला म्हणून आत जाते ती लवकर बाहेर येत नाही. तिला वाटतं मला कळत नाही. इतके दिवस आमच्या घरी हेच चाललंय, बाई. मी तिला सांगून ठेवलंय की मी तुला ओळखेनासा झालो तर मला मुलाकडे पाठवू नकोस."

मला माफ करा हे शब्द बाईंनी घरून येताना मनात जुळवले होते, पण ते या खोलीत फार लहान वाटले. त्या उठल्या आणि म्हणाल्या की मी आता मॅडमकडे जाते, शेरा माझ्या नावावर घ्यायला सांगते, माझं पुढे काय करायचं ते त्या ठरवतील.

"मॅडम कुठे पळून जात नाहीत," मामा म्हणाले. "बसा. तुमच्याशी मला भांडायचंय, चांगलं कडाकडा भांडायचंय. पण ते नंतर."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला.

"अगं, मी," ते म्हणाले. "नाही, नाही, बरा आहे. तू आधी ऐक तर. त्या भेटी पुसल्या गेल्या होत्या ना, ते माझ्या हातून झालं नव्हतं. हो. नक्की. मी आत्ता समोर पाहिलं. अगं, मी विसरलो नव्हतो. मी केलंच नव्हतं, मग मला आठवणार कुठून?"

पलीकडून काही उत्तर आलं असावं. मामा ऐकत राहिले, मग म्हणाले, नाही गं, तुझं मन राखायला नाही सांगत. पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा ऐकलं. शेवटी त्यांनी फोन कानापासून दूर धरला.

"तिला खरं वाटत नाहीये," ते म्हणाले. "मी तिला धीर द्यायला काहीतरी रचून सांगतोय असं वाटतंय तिला. तुम्ही सांगा."

फोन बाईंना नीट दिसला नाही. त्यांनी हात पुढे केला आणि मामांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "मी बोलतेय. ते मामांनी केलं नव्हतं. ते मी केलं होतं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. मामांचं डोकं अगदी ठणठणीत आहे."

आता वहिनी आपल्याला हवं ते बोलतील आणि ते आपण ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"पुन्हा एकदा सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं.